गवई आणि संचालक : प्लासिदो दोमिंगो



आजचा विषय वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल की, ज्या गाण्याचा आपल्या कानांना सराव नाही आणि ज्याची भाषा आपल्याला कळत नाही, त्या गाण्यातल्या एका गवयाची कथा ऐकून आपल्या पदरात काय पडणार? शंका रास्त आहे. परंतु गाणाऱ्या नटाच्या एका पदासाठी ज्या समाजाने पहाटेपर्यंत नाटके पाहिली, 'वन्स मोअर'च्या आरोळ्या देऊन एकच पद पुनःपुन्हा म्हणवून घेतले, त्या समाजाला ऑपेरा ही वस्तू अगदीच परकी वाटू नये. आपल्या संगीत नाटकात पात्रे बोलता बोलता गाऊ लागतात. ऑपेरात बहुधा ती बोलतच नाहीत. निरोप सांगावयाचा तोही गाऊन आणि प्राण सोडावयाचा तोही गाऊनच. क्षयाने जर्जर झालेली नायिका शेवटच्या अंकात जेवढे गाते तेवढे धडधाकट माणसालाही झेपणार नाही. पण हा आक्षेप आपण घेऊ नये, कारण आपल्या रंगभूमीवरही मरणोन्मुख पात्रांना गळा चांगलाच साथ देत आला आहे.

दुसरा फरक मात्र मोठा आहे. तिकडे गवयापुढे ध्वनिक्षेपक नसतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराच्या प्रेक्षागृहात सुमारे 3,800 माणसे मावतात. रंगमंचापुढच्या खोलगट जागेत सत्तर-ऐंशी वादक बसलेले असतात. त्या साऱ्या व्हायोलिनांच्या आणि तुताऱ्यांच्या वरून आपला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नुसत्या दमसासाच्या बळावर न्यावयाचा असतो. पुरुषांच्या आवाजाच्या तेथे ढोबळ मानाने तीन जाती मानतात. खालचा बास, मधला बॅरिटोन आणि वरचा टेनर. नायकाचे काम बहुधा टेनरकडे. बाप, प्रतिस्पर्धी आणि खलपुरुष हे बहुतेक बॅरिटोन वा बास. टेनरने वरच्या पट्टीत जाऊन जो स्वर लावावयाचा त्यासाठीच पुष्कळसे लोक तिकिटे काढतात, आणि तो स्वर फाटला तर तेच लोक त्याची छीःथू करतात. आपण ज्यांच्याविषयी बोलणार आहोत ते प्लासिदो दोमिंगो हे विसाव्या शतकातले असे एक विख्यात टेनर.

आता संचालक, म्हणजे ज्याला तिकडे कंडक्टर म्हणतात, त्याच्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. आपल्या बैठकीत गवई हाच धनी. लय त्याने ठरवावी, ती तबलजीने सांभाळावी, सारंगीने वा पेटीने त्याच्या मागोमाग यावे. जागा सुचली तर गवई थांबेल, नाही तर पुढे जाईल. ऑपेरात असे करून भागत नाही. ऐंशी वादक, पन्नास-साठ माणसांचा कोरस आणि पाच-सहा मुख्य गवई यांनी एका क्षणी एकच मात्रा गाठावयाची तर कोणीतरी एकाने हुकूम चालवावयास हवा. तो हुकूम हातात पातळशी छडी घेतलेला संचालक चालवतो. तो स्वतः एक स्वरही वाजवीत नाही; पण त्याच्यावाचून एकही स्वर वाजत नाही. गवयाला एखाद्या स्वरावर रेंगाळावयाचे असते, संचालकाला पुढे जावयाचे असते. या दोघांच्या ओढाताणीतच ऑपेराचा रंग असतो. म्हणून एकाच माणसाने ही दोन्ही कामे आयुष्यभर केली असे उदाहरण विरळा आढळते, आणि म्हणूनच आम्ही आज हा माणूस निवडला.

दोमिंगो यांचा जन्म 21 जानेवारी 1941 रोजी माद्रिद येथे झाला. आईवडील दोघेही 'सार्सुएला' या स्पॅनिश संगीत नाटकात गाणारे. सार्सुएलात गाण्याबरोबर गद्य संवादही असतात; तेव्हा हा प्रकार आपल्या संगीत नाटकाचा दूरचा भाऊ म्हणावयास हरकत नाही. 1949 साली हे कुटुंब मेक्सिकोत गेले आणि आईवडिलांनी तेथे आपली नाटकमंडळी उभी केली. ज्याचे बालपण नाटकमंडळीत गेले त्याला नाटकातले कोणतेही काम कमीपणाचे वाटत नाही, हे आपल्याला वेगळे सांगावयास नको. मुलगा पियानो शिकला, राजधानीतल्या संगीत विद्यालयात गेला, आणि तेथे इगोर मार्केविच या नामांकित संचालकाच्या वर्गांना बसू लागला. गाण्याचे शिक्षण त्याच्या सोबतीने चालू होते, पण लक्षात ठेवावयाचे ते हे की, ऑपेरातला गवई होण्याच्या अगोदर हा मुलगा वादक होता आणि वाद्यवृंद कसा चालतो हे जाणून घेण्याची त्याला हौस होती.

हौशीइतकीच गरजही होती. सोळाव्या वर्षी लग्न झाले, पाठोपाठ मूल झाले. ते लग्न टिकले नाही, पण खर्च टिकला. तेव्हा या तरुणाने मिळेल ते काम धरले. नृत्याच्या मंडळीला पियानोची साथ केली, पॉप गाणाऱ्या टोळक्यांसाठी चाली बसवून दिल्या आणि त्यांच्या मागे उभे राहून सूरही धरला. 'माय फेअर लेडी' या लोकप्रिय संगीतिकेच्या मेक्सिकोतल्या 185 प्रयोगांत किरकोळ भूमिका केल्या. 1959 साली राष्ट्रीय ऑपेराकडे आवाजाची परीक्षा द्यावयास तो गेला तो बॅरिटोन म्हणून. परीक्षकांनी ऐकून घेतले आणि सांगितले की, तू बॅरिटोन नव्हेस, टेनर आहेस. त्याच वर्षी सप्टेंबरात 'रिगोलेत्तो'तल्या बोर्सा या चिमुकल्या भूमिकेत तो रंगमंचावर उभा राहिला. परीक्षकांचा हा निकाल आपण ध्यानात ठेवावा. पन्नास वर्षांनी तो पुन्हा उपयोगी पडणार आहे.

1962 साली मार्ता ओर्नेलास या सोप्रानो गायिकेशी त्यांचा विवाह झाला आणि हे जोडपे तेल अवीवच्या ऑपेरात नोकरीला गेले. या तेल अवीवच्या अडीच वर्षांविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण आमच्या मते दोमिंगो जे काही झाले ते तेथे झाले. तेथे त्यांनी 12 भूमिका मिळून 280 प्रयोग केले. वेगवेगळ्या देशांतले गवई तेथे गोळा झालेले. ज्याला जी भाषा येई तीत तो गाई. एका 'ला त्राव्हियाता'त नायक इटालियनमध्ये प्रेम व्यक्त करतो, नायिका जर्मनमध्ये उत्तर देते, नायकाचा बाप हंगेरियनमध्ये दोघांना दटावतो आणि कोरस हिब्रूत गातो, असा प्रकार होई. हसू येण्यासारखेच आहे. पण अशा मंडळीत जो टिकतो तो दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून राहत नाही. त्याला वाद्यवृंद ऐकूनच आपली जागा ओळखावी लागते.

आणि येथेच त्यांचा आवाज दगा देऊ लागला. वरच्या स्वरांना धरवत नसे, मधेच तुटे. तेव्हा मार्ता आणि फ्रांको इग्लेसियास हा त्यांचा बॅरिटोन मित्र यांनी रिकाम्या नाट्यगृहात त्यांच्याकडून मेहनत करून घेतली. श्वास छातीतून नव्हे, पोटाच्या पडद्यावरून कसा उचलावा, आवाजाला खालून आधार कसा द्यावा, हे तासन् तास घोटवले. मार्ताबाई स्वतः पुरस्कार मिळवलेल्या गायिका होत्या. 1965 साली मुलगा झाला आणि त्यांनी आपले गाणे थांबवले. दोमिंगो यांच्या चरित्रात हा उल्लेख बहुधा एका वाक्यात आटोपतात. आम्हांलाही अधिक सांगण्यासारखे नाही. पण ज्या कानांनी नवऱ्याचा आवाज घडवला त्या कानांची धनीण स्वतः गाणारी होती, एवढे तरी या सभेत नोंदवले जावे.

पुढची चढण वेगाने झाली. 1965 साली न्यूयॉर्क सिटी ऑपेरा. 28 सप्टेंबर 1968 रोजी मेट्रोपोलिटनमध्ये पदार्पण, आणि तेही ठरल्या दिवसाच्या अगोदर, कारण फ्रांको कोरेल्ली या त्या वेळच्या मोठ्या टेनरने ऐन वेळी नकार कळवला. दोमिंगो घरी होते. मोटार हाकीत, वाटेतच गळा तापवीत ते निघाले. सिग्नलपाशी शेजारच्या मोटारीतली माणसे या हातवारे करून गाणाऱ्या माणसाकडे पाहून हसू लागली, तेव्हा त्यांनी विचारले, आपण कोठे निघालात? उत्तर आले, मेट्रोपोलिटनला. मग हसू नका, थोड्याच वेळात आपण मलाच ऐकणार आहात, असे त्यांनी सांगितले. ही गोष्ट दोमिंगो यांनीच सांगितलेली आहे. गवयाने स्वतःविषयी सांगितलेल्या गोष्टी जितक्या विश्वासाने घ्यावयाच्या तितक्याच विश्वासाने आपण ती घ्यावी. त्यानंतर 1969 साली मिलानचे ला स्काला, 1971 साली लंडनचे कोव्हेंट गार्डन.

आता त्यांच्या आवाजाविषयी. तो निर्दोष होता असे आम्ही म्हणणार नाही. टेनरच्या अगदी वरच्या स्वरावर, ज्याला 'सी' म्हणतात, पाव्हारोत्ती जसे सहज जाऊन बसत तसे दोमिंगो बसत नसत. काही गीते ते थोडी खालच्या पट्टीत उतरवून गात, आणि त्याबद्दल टीकाकारांनी त्यांना कधी माफ केले नाही. त्यांच्या आवाजाचा मोठेपणा मध्यात होता. त्याचा रंग गडद, मधाच्या छटेचा. आणि दुसरे म्हणजे त्यांची भूमिका बसवण्याची रीत. बहुतेक गवयांना नवी भूमिका शिकताना पियानोवाला लागतो आणि पुनःपुन्हा गाऊन ती गळ्यात उतरवावी लागते. दोमिंगो स्वतः पियानोपाशी बसून सारी स्वरलिपी वाजवीत, आपलीच नव्हे तर सर्वांची. त्यामुळे आवाज न शिणवता ते भूमिका आत्मसात करू शकले. त्यांच्या भूमिकांची संख्या दीडशेवर गेली ती या रीतीमुळे. निव्वळ आवाजाचे देणे असलेला गवई वीस-पंचवीस भूमिकांवर सुखाने जन्म काढतो.

व्हेर्दीचा 'ओतेल्लो' त्यांनी 1975 साली हाम्बुर्ग येथे प्रथम केला तेव्हा वय चौतिशीचे. ही भूमिका टेनरचा घसा खाणारी म्हणून प्रसिद्ध. जाणत्यांनी बजावले की, दोन-चार वर्षांत आवाज जाईल. आवाज गेला नाही. पुढल्या वर्षी ला स्कालात कार्लोस क्लायबर या विलक्षण संचालकाच्या हाताखाली त्यांनी तीच भूमिका गायिली, आणि आयुष्यात तिचे दोनशेहून अधिक प्रयोग केले. 30 जुलै 1991 रोजी व्हिएन्नात या खेळानंतर टाळ्या 80 मिनिटे चालल्या आणि पडदा 101 वेळा उघडावा लागला. काही अंक संपावयासही इतका वेळ लागत नाही!

छडी त्यांनी ऑपेरासाठी प्रथम हातात घेतली ती 7 ऑक्टोबर 1973 रोजी, न्यूयॉर्क सिटी ऑपेरात, 'ला त्राव्हियाता'साठी. त्याच सुमारास शेरिल मिल्न्स या बॅरिटोनबरोबर त्यांनी एक मौजेची ध्वनिमुद्रिका काढली. एका बाजूला मिल्न्स गातात आणि दोमिंगो वाद्यवृंद चालवतात, दुसऱ्या बाजूला दोमिंगो गातात आणि मिल्न्स चालवतात. 1984 साली मेट्रोपोलिटननेही त्यांना 'ला बोएम'साठी संचालकाच्या चौथऱ्यावर उभे केले. त्यानंतर एका आठवड्यात गाणे आणि दुसऱ्या आठवड्यात संचालन हा त्यांचा क्रम होऊन बसला.

ते संचालक म्हणून कसे होते? गवयांना ते फार आवडत. कोणत्या स्वरानंतर श्वास लागणार, कोठे क्षणभर थांबले तर पुढचा उंच स्वर सोपा जाईल, हे त्यांना पुस्तकातून नव्हे, स्वतःच्या फुप्फुसांतून ठाऊक. पण याच गुणाचा दुसरा काठ असा की, जो संचालक गवयाला नेहमी सांभाळून घेतो त्याच्या हातून नाट्याचा ताण सैल पडतो. क्लायबरच्या हाताखाली ज्या दोमिंगोंना श्वास घ्यावयास उसंत मिळत नव्हती, त्यांचा तो ओतेल्लो आम्हांस सर्वांत श्रेष्ठ वाटतो. 2018 साली जर्मनीत बायरॉइट येथे वाग्नरचा 'डी वालक्यूरे' त्यांनी चालवला. तेथेच 2000 साली ते त्याच नाटकात झिग्मुंड गायिले होते. बायरॉइटला वादक रंगमंचाखाली झाकलेल्या खळग्यात बसतात आणि वरचा गवई संचालकाला नीट ऐकूच येत नाही. तेथे भलेभले गडबडतात. दोमिंगो यांना त्या रसिकांनी उघड हुर्यो करून आपले मत कळवले. जेथे गायिले तेथे वाहवा, जेथे चालवले तेथे धिक्कार! आमच्या मते छडीने दोमिंगो यांना थोर संचालक बनवले नाही, तिने त्यांना दीर्घजीवी गवई बनवले.

गवई आणि संचालक यांचे नाते किती नाजूक असते याचा एक नमुना सांगतो, आणि त्यात आपल्या मुंबईचाही वाटा आहे. मेहली मेहता यांनी 1935 साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यांचे चिरंजीव झुबीन, जन्म मुंबईचा, 1936 चा. जुलै 1992 मध्ये पुच्चिनीचा 'तोस्का' रोम शहरात ज्या ज्या स्थळी घडतो त्या त्या खऱ्या स्थळी, कथेतल्या त्या त्या प्रहरी गावा आणि दूरचित्रवाणीवर थेट दाखवावा असा घाट घालण्यात आला. चर्चमधला अंक चर्चमध्ये, राजवाड्यातला राजवाड्यात आणि शेवटचा किल्ल्याच्या गच्चीवर, भल्या पहाटे. दोमिंगो गात होते. झुबीन मेहता संचालक. पण वाद्यवृंद दूर एका स्टुडिओत! गवयांनी पडद्यावर मेहतांचा हात पाहावयाचा आणि कानाशी आलेल्या वाद्यांवर सूर ठेवावयाचा. ज्याला संचालकाचा हात आतून कळतो अशाच गवयाला हे साधावे. याच जोडीला 1990 साली, 7 जुलैला, रोमच्या काराकाल्ला स्नानगृहांच्या अवशेषांत पाव्हारोत्ती आणि कारेरास येऊन मिळाले होते. रक्ताच्या कर्करोगातून बरे झालेल्या कारेरास यांच्या पुनरागमनाचा तो मेळावा. 'तीन टेनर' म्हणून त्याची ध्वनिमुद्रिका जगभर अफाट खपली. त्या रात्रीचा संचालकही हाच मुंबईकर.

एक प्रसंग गाण्याबाहेरचा आहे. 19 सप्टेंबर 1985 रोजी मेक्सिको शहरात भूकंप झाला. त्लातेलोल्को वस्तीतली एक मोठी इमारत कोसळली आणि तीत दोमिंगो यांचे जवळचे नातेवाईक गाडले गेले, त्यांत एक लहानगे मूलही होते. दोमिंगो तेथे धावले, ढिगारा उपसणाऱ्यांत धुळीने माखून दिवसचे दिवस उभे राहिले, आणि पुढे बरेच महिने ठरलेले प्रयोग सोडून संकटग्रस्तांसाठी मदतीचे जलसे करीत हिंडले.

हे सांगितले तसे पुढचेही सांगितले पाहिजे. गाणे आणि संचालन यांच्या जोडीला तिसरी खुर्ची आली, ती व्यवस्थापकाची. 1996 पासून वॉशिंग्टनच्या आणि 2003 पासून लॉस एंजेलिसच्या ऑपेराची सूत्रे त्यांच्याकडे होती. 1993 साली त्यांनी 'ओपेरालिया' ही तरुण गवयांची स्पर्धा सुरू केली आणि तीतून अनेक चांगले गळे पुढे आले. म्हणजे पाहा, कोणाला भूमिका मिळावी, कोणाला बक्षीस मिळावे, तालमीत कोणी कसे गावे, आणि रात्री नायिकेचा हात कोणी धरावा, हे सारे एकाच माणसाकडे. ऑगस्ट आणि सप्टेंबर 2019 मध्ये एका अमेरिकन वृत्तसंस्थेने प्रसिद्ध केले की, वीस स्त्रियांनी दोमिंगो यांच्यावर लैंगिक सलगी केल्याचे आरोप केले आहेत. त्यांपैकी बहुतेकींनी आपली नावे दिली नव्हती. दोमिंगो यांनी आरोपांचे ते वर्णन मान्य केले नाही. परंतु सप्टेंबर अखेरीस 'माक्बेथ'च्या आदल्या दिवशी त्यांनी मेट्रोपोलिटन सोडले, 51 वर्षांनंतर. ऑक्टोबरात लॉस एंजेलिसचा राजीनामा दिला. फेब्रुवारी 2020 मध्ये अमेरिकन गायकांच्या संघटनेच्या चौकशीने त्यांचे वर्तन अनुचित ठरवले. त्यांनी प्रथम स्त्रियांची क्षमा मागितली आणि दोनच दिवसांनी खुलासा केला की, आपण कोणाशी आक्रमकपणे वागलो नाही, कोणाचे काम अडवले नाही. मार्चमध्ये लॉस एंजेलिसच्या चौकशीने आरोप विश्वसनीय मानले; भूमिका देण्या-नाकारण्यात सूड घेतल्याचा पुरावा मात्र तिला मिळाला नाही.

पुष्कळ जण म्हणतात, गाणे वेगळे आणि माणूस वेगळा. आम्हांस हा तोडगा फार सोपा वाटतो. त्या स्त्रियाही गाणाऱ्याच होत्या, किंवा गाण्याभोवती काम करणाऱ्या होत्या. ज्याची मर्जी सांभाळल्यावाचून काम चालत नाही अशा माणसाला 'नाही' म्हणणे किती अवघड असते हे ज्यांनी कोणत्याही मंडळीत, कचेरीत वा शाळेत नोकरी केली आहे त्यांना सांगावयास नको. त्या मंडळींना हे ठाऊक नव्हते असेही दिसत नाही. कित्येक वर्षे ते कुजबुजीत राहिले, कारण तिकीटविक्री उत्तम होती. हा दोष एकट्या गवयाचा नव्हे, टाळ्या वाजवणाऱ्या घरांचाही आहे. अमेरिकेतले दरवाजे यानंतर त्यांना बंद झाले. युरोपात मात्र 2020 च्या उन्हाळ्यात ते पुन्हा गायिले आणि लोकांनी उभे राहून त्यांचे स्वागत केले.

वय झाल्यावर गाणे थांबवून केवळ छडी हाती ठेवावी, असा मार्ग त्यांच्यापुढे केव्हाचा होता. विसावलो तर गंजलो, हे त्यांचे ब्रीद. तेव्हा तो त्यांनी धरला नाही. 2009 साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, बर्लिनला त्यांनी 'सिमोन बोक्कानेग्रा'ची भूमिका केली. ती बॅरिटोनची. 1959 च्या परीक्षकांना त्यांनी अशा रीतीने उत्तर दिले म्हणावयाचे! जाणकारांचे मत मात्र असे पडले की, हा आवाज खाली उतरलेला टेनर आहे, खरा बॅरिटोन नव्हे. आणि पुढच्या काही वर्षांत तो थकलेलाही ऐकू येऊ लागला. ते मत आम्हांस चूक वाटत नाही.

तरीही या एका नाटकाची दोन मुद्रणे आपण मिळवून ऐकावीत, अशी आमची सूचना आहे. दोन्ही मेट्रोपोलिटनची, दोन्हींचे संचालक जेम्स लेव्हाइन. 1995 च्या मुद्रणात दोमिंगो गाब्रिएले आदोर्नो आहेत, जेनोव्हाच्या राजप्रमुखाच्या मुलीवर प्रेम करणारा, संशयाने पेटलेला, तलवार उपसून त्या म्हाताऱ्याच्या अंगावर धावून जाणारा तरुण. 2010 च्या मुद्रणात ते स्वतः तो म्हातारा, सिमोन आहेत. पहिल्या अंकाच्या शेवटी भर सभेत दंगल उसळते आणि सिमोन उठून एकमेकांच्या जिवावर उठलेल्या नागरिकांना शांत करतो. त्या स्थळापासून दोन्ही ऐका. आदोर्नो तेव्हा कोठे असतो, त्याला कोणता स्वर आहे, हे 2010 च्या सिमोनला ठाऊक आहे. तो मधेच वळतो, तरुण टेनरला श्वास घ्यावयास पुरेल एवढाच थांबतो, आणि मग आपले पुढचे वाक्य उचलतो.